विद्यार्थी शाळेत कशामुळे टिकतो

विद्यार्थ्याने शिक्षण अर्धवट सोडले की त्याचे कारण त्याच्याच ठायी शोधण्याची सवय समाजाला आणि शिक्षणखात्यालाही फार जुनी आहे. ‘अभ्यासात लक्ष नव्हते’, ‘डोक्यात शिरत नव्हते’, ‘घरची परिस्थिती बेताची होती’ अशी जी स्पष्टीकरणे शाळा सोडल्याच्या प्रत्येक दाखल्यामागे उभी असतात, त्यांत मुलाचा स्वभाव, त्याची बुद्धी आणि त्याच्या आईवडिलांची ऐपत एवढेच येते. शाळा घरापासून किती अंतरावर होती, ती कोणत्या वेळी भरत होती, तेथे चाललेले शिकवणे त्या मुलाला येत असलेल्या गोष्टींपासून किती दूर होते आणि मूल सलग चार दिवस वर्गात दिसले नाही तेव्हा त्याच्या घरी कोण गेले, हे प्रश्न त्यात येत नाहीत. महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे वर्षांत जे मोठे शिक्षणप्रयोग झाले ते लक्षपूर्वक पाहिले, तर त्यांच्या कर्त्यांनी नेमके हेच प्रश्न आधी विचारलेले दिसतात. मुलाची चिकाटी त्यांना नगण्य वाटत नव्हती. परंतु चिकाटीला उभे राहायला जागा लागते, आणि ती जागा मुलाने नव्हे, मोठ्यांनी तयार करायची असते, हे त्यांनी ओळखले होते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती जागा कशी तयार होते हा आहे.

या प्रश्नाला अधिकृत परिभाषा मिळाली ती १९२९ साली. सायमन आयोगाला साहाय्य करण्यासाठी सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी करून दोन संज्ञा रूढ केल्या. प्राथमिक शिक्षणाचा टप्पा पुरा होण्याआधीच मूल शाळेतून निघून जाणे म्हणजे गळती, आणि एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे अडकून पडणे म्हणजे स्थगिती. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती, हा त्या समितीने दिलेला आकडा आजही वाचताना थांबायला लावतो. मात्र या आकड्यावरून समितीने काढलेला निष्कर्ष असा होता, की शाळांची संख्या वाढवण्याची घाई थांबवावी, असलेल्या शाळा एकत्र करून सुधाराव्यात आणि मग पुढे जावे. म्हणजे मुले गळत होती म्हणून मुलांपर्यंत जाणाऱ्या शाळाच आवरत्या घ्याव्यात, असा तो सल्ला होता. आजरा तालुक्यातून आलेले आणि पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले जे. पी. नाईक यांनी या भूमिकेवर सातत्याने टीका केली. ठरावीक वयात, ठरावीक महिन्यात, पूर्ण दिवसाच्या शाळेत दाखल होणे आणि एकही वर्ष न चुकवता वर चढत जाणे ही एकच वाट सर्वांसाठी ठेवली, की ज्या मुलाला ती वाट चालता येत नाही ते ‘गळाले’ असे म्हणणे सोपे होते. नाईक यांनी त्याऐवजी कोणत्याही वयात प्रवेश आणि काम करणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ वर्ग यांचा आग्रह धरला, आणि चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत असे संध्याकाळचे वर्ग चालवून ही कल्पना प्रत्यक्षात पारखून पाहिली.

हार्टोग समितीच्या कितीतरी आधी या प्रश्नाचा गाभा जोतीराव फुले यांनी पकडला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्या निवेदनाचा कमी सांगितला जाणारा भाग टिकून राहण्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, तो लोकांत मिसळणारा असावा आणि नांगराला हात लावण्याची त्याला लाज वाटू नये, असे त्यांनी लिहिले. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीची व आरोग्याची प्राथमिक माहिती असावी आणि शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन कुणब्यांच्या मुलांत विद्येची आवड निर्माण करावी, असेही त्यांनी सुचवले. सक्तीने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. आत बसवून ठेवण्यासाठी शिक्षक आपला वाटावा लागतो आणि शिकलेल्याचा घरात काही उपयोग दिसावा लागतो, ही जाण या सूचनांमागे आहे. सक्ती आणि आकर्षण यांना परस्परविरोधी न मानता फुले यांनी ती एकाच निवेदनात मागितली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. परंतु त्याच्या १६ वर्षे आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून त्यांनी वसतिगृहांची जी मालिका सुरू केली, ती या विषयात दंडाहून अधिक परिणामकारक ठरली. खेड्यातील हुशार मुलगा माध्यमिक शिक्षणासाठी कोल्हापुरात आला, की त्याची पहिली अडचण इंग्रजी किंवा गणित ही नसून रात्री झोपायचे कोठे आणि जेवायचे कोणाकडे ही असे. वार लावून जेवणे, म्हणजे आठवड्यातील एकेक दिवस एकेका घरी जेवणे, ही सोय विशिष्ट जातींच्या मुलांपुरतीच होती. इतरांना शहरात दार नव्हते. लिंगायत, जैन, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांसाठी, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने, निघालेल्या वसतिगृहांनी ते दार उघडले. जातवार वसतिगृहे काढल्याने जाती घट्ट होतील, हा आक्षेप तेव्हाही होता आणि त्यात तथ्यही होते. पण ज्या समाजांत शिकलेला माणूसच नव्हता, त्यांना आपल्यातील मुलांची जबाबदारी घ्यायला लावणारा तो मार्ग होता, आणि त्या काळी दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता.

त्या मार्गाची मर्यादा ज्याने स्वतः भोगली त्यानेच पुढची पायरी गाठली. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्यांची राहण्याची सोय शाहू महाराजांनी केली. स्वतः मॅट्रिक न झालेल्या या माणसाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्याला हलवून तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह चालवले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथील मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत, संस्थेच्या इमारतींच्या कामाला हात लावीत आणि त्या श्रमांवर शिकत. १९४० साली साताऱ्यात निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये हीच ‘कमवा व शिका’ पद्धत माध्यमिक शाळेच्या पातळीवर आली, आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ती उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. बोर्डिंगमधील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही हकीकत भावनेने सांगितली जाते. तिचा शैक्षणिक अर्थ मात्र असा, की धान्य संपणे हीच त्या मुलांच्या शिक्षणातील सर्वांत मोठी गळतीची शक्यता होती आणि ती त्या माउलीने स्वतःच्या अंगावर घेतली.

‘कमवा व शिका’ या पद्धतीकडे गरिबांसाठीची आर्थिक तडजोड म्हणून पाहिले जाते, तेव्हा तिच्यातील निम्मे सत्य सुटते. श्रमाचा मोबदला म्हणून शिक्षण घेणारा विद्यार्थी कोणाच्या उपकाराखाली राहत नाही. उपकाराखाली असलेला मुलगा पहिल्या नापासाला शरमून गाव गाठतो, तर आपल्या कष्टाने राहणारा पुन्हा परीक्षेला बसतो. शिवाय श्रम आणि अभ्यास एकाच आवारात असल्यामुळे एक दुसऱ्याच्या वेळेवर कुरघोडी करीत नाही. अमेरिकेतील उच्च शिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९७५ साली महाविद्यालयीन गळतीवर प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अभ्यासात दोन गोष्टी ठळकपणे आढळल्या: वसतिगृहात राहणारे विद्यार्थी घरून येणाऱ्यांपेक्षा अधिक टिकतात, आणि महाविद्यालयाच्या आवारातच मर्यादित तासांचे काम मिळालेल्या विद्यार्थ्यांचे टिकण्याचे प्रमाण वाढते, तर बाहेर दीर्घ तास नोकरी करणाऱ्यांचे घटते. साताऱ्याच्या बोर्डिंगचे हेच दोन खांब होते, आणि ते पन्नास वर्षे आधी रोवले गेले होते. आज विद्यापीठांतून भाऊरावांच्या नावाने चालणाऱ्या कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात रोज काही तास काम देऊन तासावर मानधन दिले जाते. ते मानधन अल्प असले तरी विद्यार्थ्याला आवाराबाहेर हॉटेलात किंवा गोदामात रात्रपाळी करावी लागत नाही, हा तिचा खरा लाभ आहे, आणि म्हणूनच ते वेळेवर देण्यात हयगय होऊ नये.

त्याच १९७५ साली व्हिन्सेंट टिंटो यांनी या प्रश्नाची जी उपपत्ती मांडली, ती नंतरच्या चर्चेचा पाया बनली. त्यांच्या मते विद्यार्थी संस्थेत टिकतो तो दोन प्रकारच्या एकात्मतेमुळे. अभ्यासातील प्रगती आणि अध्यापकांशी असलेला संबंध ही शैक्षणिक एकात्मता, तर मित्र, सोबत आणि आपण येथले आहोत ही भावना ही सामाजिक एकात्मता. या उपपत्तीवर एक गंभीर आक्षेप असा घेतला गेला, की मूळच्या समाजापासून तुटल्याशिवाय विद्यार्थी संस्थेत मिसळू शकत नाही असे ती गृहीत धरते, आणि अमेरिकेतील आदिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे गृहीतक अन्यायाचे ठरते. हा आक्षेप महाराष्ट्रातही तितकाच खरा आहे. वसतिगृह मुलाला घरापासून उचलून शाळेजवळ आणते. पण सहा वर्षांच्या वारली मुलाला आई, रान आणि बोली यांपासून उचलून आणणे हा त्याला शिक्षणात टिकवण्याचा उपाय होऊ शकत नाही. त्याच्या बाबतीत शाळेनेच उठून चालू लागावे लागते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे चालणे प्रत्यक्षात आणले. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ मध्ये त्यांचे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी वस्तीवरील अंगणात नेणे, ही अंगणवाडीची कल्पना त्यांच्या कामातून आकाराला आली. मॉंटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, शंखशिंपले, पाने, बांबू आणि माती ही तेथेच मिळणारी साधने वापरली, त्यामुळे वर्गातील वस्तू मुलाच्या ओळखीच्या झाल्या. थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखायला जात, तेव्हा शिक्षकच त्यांच्यामागे गायरानात गेला आणि गुरे चरत असताना वर्ग भरू लागला, ही कुरणशाळा. मुलींची अडचण आणखी वेगळी होती. आई मजुरीला गेल्यावर कडेवरचे भावंड मोठ्या बहिणीच्या वाट्याला येई आणि तिची शाळा तेथेच संपे. विकासवाडी या योजनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणल्यामुळे धाकट्याला पाळणाघरात ठेवून बहीण पलीकडच्या वर्गात बसू शकली. मुलगी शाळेत का येत नाही या प्रश्नाचे उत्तर मुलीकडे पाहून सापडत नव्हते. तिच्या कडेवर कोण आहे हे पाहिल्यावर ते सापडले. भारतातील शिक्षणविचारात या एका निरीक्षणाला जेवढे स्थान मिळायला हवे होते तेवढे अद्याप मिळालेले नाही.

शाळा घराजवळ आली आणि मूल रोज हजर राहू लागले तरी एक अंतर उरतेच, आणि ते मोजपट्टीने मोजता येत नाही. शिक्षणमानसशास्त्रात अभ्यासातील गुंतलेपणाचे तीन पदर मानले जातात. वर्गात येणे, दिलेले काम करणे हे वर्तनातील गुंतणे. शाळेबद्दल आपुलकी वाटणे हे भावनिक गुंतणे. आणि समोरचा विषय समजून घेण्यासाठी स्वतःहून डोके चालवणे हे बोधात्मक गुंतणे. हजेरीपटात यांतील फक्त पहिल्याची नोंद होते. चौथीच्या वर्गात बसलेले, पण दुसरीचा उतारा न वाचता येणारे मूल हजेरीपटावर पूर्ण उपस्थित असते, आणि तरीही फळ्यावर चाललेल्या भागाकाराशी त्याचा काहीही संबंध नसतो. असे मूल आठवीनंतर ‘अचानक’ शाळा सोडते, असे म्हटले जाते. ते सोडणे चार वर्षे आधीच सुरू झालेले असते.

या अंतरावरचा एक साधा आणि नीट तपासलेला उपाय मुंबईच्या महापालिका शाळांत झाला. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतीलच, दहावी-बारावी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि इयत्तेचा धडा बाजूला ठेवून अक्षरओळख, वाचन आणि बेरीज-वजाबाकी यांपासून सुरुवात करी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन एवढेच मिळत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथे केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कार्यक्रमाने मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाल्याचे आढळले, आणि सर्वाधिक लाभ तळाशी असलेल्या मुलांना झाला. कार्यक्रम थांबल्यावर हा लाभ बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले आहे. त्यामुळे बालसखीला एका वर्षाचा प्रकल्प न मानता शाळेचा नेहमीचा भाग मानावे लागेल. बालसखी ही शिक्षणशास्त्राची पदवीधर नव्हती. मुलाला काय येत नाही यापेक्षा काय येते येथून ती सुरुवात करीत होती, आणि आज आपल्याला जमले असा अनुभव त्या मुलाला रोज एकदा तरी मिळत होता. गुंतणे या अनुभवातून सुरू होते. नुसत्या प्रोत्साहनपर भाषणांतून ते होत नाही.

मोठ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत अभ्यासाच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचणे आणि ‘झाले’ असे वाटणे, ही महाराष्ट्रातील परीक्षार्थींची सर्वांत रूढ रीत आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे जातात. ही गोष्ट विद्यार्थ्याला माहीत नसेल तर खूप वाचूनही अपयश आल्यावर तो स्वतःच्या बुद्धीला दोष देतो, आणि हा चुकीचा दोष त्याला अभ्यासापासून दूर नेतो. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला घरात अभ्यास कसा करावा हे सांगणारे कोणी नसते. म्हणून ते वर्गातच, विषयाबरोबर, शिकवले जाणे अगत्याचे आहे.

शासनाने या सर्व काळात काहीच केले नाही, असे मुळीच नाही. शाळेतील शिजवलेले अन्न, दुर्बल गटांतील मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता, मुलींना एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या, या प्रत्येक उपायाने काही मुली दहावीपर्यंत पोहोचवल्या आहेत. प्रश्न उभा राहतो तो व्यवस्थेतील माणूस वगळून तिचे रोख रकमेत रूपांतर केले जाते तेव्हा. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे आणि मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत ठेवलेली आहे. ही रक्कम आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु तिच्यातून खोली आणि डबा मिळतो, पंगत, सोबतचा अभ्यास आणि रात्री अकराला दिवा का जळत नाही हे पाहायला येणारा अधीक्षक मिळत नाही. ती हप्त्याने उशिरा आली तर खोलीही जाते. स्वाधार ही वसतिगृहाला जोड असावी, पर्याय नव्हे, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

ऊसतोडणी हे याच प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या फडांवर जातात आणि वसंत संपताना परततात. म्हणजे शाळेच्या वर्षातील जवळजवळ सहा महिने मूल गावात नसते. फडावरील कोपीत राहणाऱ्या मुलाच्या हाती धाकटे भावंड, सरपण आणि पाणी येते. यावर कोल्हापूर आणि कोसबाड या दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या. साखरशाळेने शाळा फडावर नेली. हंगामी वसतिगृहाने मुलाला गावातच ठेवले. यांपैकी हंगामी वसतिगृहाची वाट लहान वयातही अधिक उपयोगी ठरते, कारण मूल आपल्याच गावात, आपल्याच शिक्षकाजवळ आणि पुष्कळदा आजी-आजोबांच्या नजरेसमोर राहते. पण त्यासाठी वसतिगृह टोळ्या निघण्याच्या आधी सुरू झाले पाहिजे. मंजुरी डिसेंबरात आली तर तोपर्यंत ट्रक गेलेले असतात.

पटसंख्या वीसच्या आत असलेल्या वाड्यावस्त्यांवरील जिल्हा परिषद शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार आता महाराष्ट्रात पुढे आला आहे. हार्टोग समितीच्या सल्ल्याशी त्याचे साम्य उघड आहे, आणि त्याच्या बाजूचे युक्तिवादही तेव्हासारखेच वजनदार आहेत. पाच मुलांच्या वर्गात खेळायला सवंगडी नसतात आणि एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, हे खरे आहे. तरीही मूल दहा वर्षांचे असताना ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाणे आणि सहा वर्षांचे असताना जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून पहिली ते चौथीचे वर्ग वस्तीवरच राहावेत आणि एकत्रीकरण पाचवीपासून व्हावे. जेथे ते होईल तेथे बसची वेळ शाळेच्या वेळेशी बांधलेली असावी, पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी वेगळी सोय लेखी ठरलेली असावी, आणि बंद झालेल्या प्रत्येक शाळेच्या पटावरील मुलांची, विशेषतः मुलींची, नावानिशी नोंद त्या दहावीला बसेपर्यंत तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे ठेवली जावी. त्या नोंदीत कोण केव्हा यायची थांबली एवढेच न लिहिता, त्यानंतर तिच्या घरी कोण आणि कितव्या दिवशी गेले, हेही लिहिले जावे.